शालनची तिकोनी कानस

मित्रांनो, मी एक जुनी तिकोनी कानस आहे. करवतीला धार लावण्यासाठी वाईच्या एका सुताराने मला घेतलं. त्याची मुलगी शालन तासन्‌तास शेजारी बसून बघायची. लग्न झाल्यावर साड्यांखाली लपवून तिने मला चिंचवडला आणलं. इथे करवती कुठल्या? कधीमधी विळीला धार लावायची, एरवी चुलीमागे गंजत पडायचं.

१९५६ साली तिचे यजमान ज्योतीराम पिंपरीच्या एका कारखान्यात हंगामी लागले. घरमालक रंगरावांनी त्यांना आपली सायकल वापरायला दिली होती. एका रविवारी त्या सायकलच्या डाव्या पेडलचा दांडा मोडला आणि आट्यांचा तुकडा पेडल बसवायच्या क्रँकमध्येच अडकला. सोमवारी सातची शिफ्ट. हंगामी माणसाने खाडा केला की नाव कमी!

ज्योतीरामांनी घासलेट सोडलं, सैल व्हावा म्हणून छिन्नी लावून तुकडा डावीकडे ठोकत राहिले. तो जास्तच घट्ट बसला. शेवटी वैतागून त्यांनी घण उचलला. तेवढ्यात रंगराव धावत आले.

"आरं, क्रँक वाकंल की! पोरावानी जपलीया ती सायकल!"

शालन कणकेचे हात धुऊन बाहेर आली. क्रँकच्या आतल्या अंगाला तुकड्याचे दोन आटे डोकावत होते. तिने त्यांत नख ठेवून फिरवलं. मग उजव्या पेडलच्या आट्यांतही फिरवलं.

"अहो, थांबा. याचे आटे उलटे आहेत. मघापासून तुम्ही घट्टच करताय."

"आटे कधी उलटे असतात होय?" ज्योतीराम चिडले.

"नख फिरवून बघा ना."

त्यांनी बघितलं. घण खाली ठेवला.

मग शालनने मला आणलं. तुकड्याचं तोंड बाहेरून तांदळाएवढं वर होतं. त्यात तिला खाच पाडायची होती. पोलाद कडक, माझे दात झिजलेले. पण तिचा हात! पुढे जाताना दाब, मागे येताना अलगद उचल, अगदी बापासारखी. माझ्या टोकाचा एक कोपरा उडाला, तरी तिने मला घाई केली नाही. खाच पडली. ज्योतीरामांनी खाचेत पेचकस रोवला आणि उजवीकडे जोर लावला. कट्‌कन आवाज झाला. तुकडा फिरत फिरत बाहेर आला. क्रँकचे आटे शाबूत होते.

"पोरी, कुणी शिकीवलं तुला ह्ये?" रंगरावांनी विचारलं.

"शिकवलं नाही कुणी. बाबा काम करायचे, मी बघायची."

ज्योतीरामांनी संध्याकाळीच नवं पेडल आणून बसवलं. सोमवारी भोंग्याआधी ते फाटकात हजर होते. त्या दिवसापासून कुणाचं काही अडलं की रंगराव म्हणू लागले, "आदी शालनबाईंना इचारा." तळवड्याच्या, रावेतच्या सायकली आमच्या दारात उभ्या राहू लागल्या. शालन मला तेलाच्या फडक्याने पुसून खिळ्याला टांगू लागली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं गंजलेलं हत्यार असेल. भंगारात टाकण्याआधी ते कुणाच्या हातात वावरलं, एवढं विचारा. आणि तो हात अजून घरात असेल, तर हत्यार पुसून त्या हातात द्या.