सत्काराची शाल

महिला दिनाला कबनूरच्या त्या यंत्रमाग कारखान्यात माझा आणि चिमणाबाईचा सत्कार ठरला. तरुणपणी आम्ही दोघी तिथंच मागांसाठी सुताच्या कांड्या भरायचो आणि तिथंच आम्ही बायकांची संघटना बांधली. तेव्हा बायका पाळीभर पाणी पीत नसत, कारण जायला जागाच नव्हती. तात्यासो मालकांच्या दारात भर उन्हात बसून आम्ही बायकांसाठी संडास मिळवला. त्याला आतून कडी होती. त्या कडीचं काय कौतुक वाटलं होतं तेव्हा!

आता कारखाना तात्यासोंचा नातू राजवर्धन बघतो. कार्यक्रमाच्या आधी तिथली कांडीवाली रूपाली माझ्या घरी आली.

“अक्का, तुमच्या संडासात आता सुताची बाचकी ठेवल्यात. आम्ही मागं ओढ्याकडं जातोय. जी बोलली ती घरी बसली. माइक तुमच्या हातात येणार हाय, तुम्ही बोला की. तुम्हाला कोण काढणार?”

“बोलतो की,” मी म्हणाले.

मांडव कारखान्याच्या आवारातच होता. समोर कांडीवाल्या बसवलेल्या, कडेला माग दुरुस्त करणारे जॉबर आणि कारकून. राजवर्धननं पाया पडून आम्हा दोघींना शाली पांघरल्या. आधी चिमणाबाई बोलायला उभी राहिली. तिच्या नातवाला, आदर्शला, नुकतीच इथं कारकुनाची जागा मिळाली होती.

“तात्यासोंनी आमाला लेकीवानी वागवलं,” एवढंच म्हणून ती बसली. माझ्याकडं बघितलं नाही.

लेकीवानी! आम्ही दारात बसलो तेव्हा याच तात्यासोंनी माझा पाण्यानं भरलेला हंडा लाथाडला होता. त्याला पडलेला पोचा अजून तसाच आहे.

मी माइक घेतला. “बायकांचा संडास मोकळा करा. बाचकी आजच बाहेर काढा,” असं सरळ सांगितलं, आणि जुन्या सवयीनं हात वर गेला. “कोण म्हणतो देणार नाही?”

उरलेली अर्धी घोषणा बायकांनी द्यायची, ही आमची रीत. बायका माना खाली घालून गप्प. आवाज आला तो माझ्या मागून.

“घेतल्याशिवाय राहणार नाही!” राजवर्धन मूठ उगारून ओरडला. मग जॉबर, कारकून, सगळेच हसत ओरडले. टाळ्या पडल्या.

“अक्कांचा आवाज बघा, अजून कसा खणखणीत!” तो म्हणाला. “चला, नाष्टा घ्या.”

हे ऐकायला मी एवढी वर्षं जगले.

या वयात मला लघवी फार वेळ धरवत नाही. मी तसं सांगितलं, तर राजवर्धन म्हणाला, “बंगल्यावर चला की, गाडी काढतो.”

“या बायका कुठं जातात?”

तो मोबाइल बघायला लागला.

मी रूपालीचा हात धरून ओढ्याकडं निघाले. एकेक करत कांडीवाल्या उठून मागं आल्या. पलीकडं वाहता रस्ता, आडोशाला एक झुडूपही नाही. रूपालीनं माझ्या खांद्यावरची शाल काढून एक टोक धरलं. दुसरं कुणी धरलं म्हणून बघितलं, तर चिमणाबाई.

“बघू नगंस माझ्याकडं. बस आन् आटप.”

“नातू बघतोय तुझा.”

“बघू दे.”

शाल आखूड निघाली. उरलेल्या जागेत बायका पाठ करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रूपालीला कामावर घेतलं नाही. आदर्शलाही नाही. बाचकी होती तिथंच आहेत.

काल चिमणाबाईनं निरोप धाडला. “सोमवारी दारात बसायचं. हंडा तू आण. त्यो पोचा पडलेलाच आण.”