टकळीच्या पोटातली गोष्ट

कल्पना करा मुलांनो, तुमच्यापुढे मटारच्या शेंगांची टोपली आहे, हात भराभर चालताहेत, आणि तोंड मात्र उघडायचं नाही! टकळी अगदी तशीच बसली होती. एरवी झोपेतसुद्धा बडबडणारी पोर. म्हणून तर घरात तिचं नाव टकळी पडलं होतं. पण या बाईंच्या घरी येताना आत्याने बजावलं होतं, "मी प्रश्न विचारला की गप्प बसायचं. बाई कितीही वेळ बोलल्या नाहीत तरी."

आत्या विद्यापीठात संशोधन करायची. इथे नदीच्या दोन काठांवर दोन देश, आणि वर्षानुवर्षं गोळीबार. मग दूरच्या राजधान्यांत मंत्र्यांनी सह्या केल्या, युद्धबंदी झाली, आणि आजूबाजूच्या गावांत ती बघता बघता मोडली. या एकाच गावात टिकली. का? या प्रश्नापायी आत्याने दोन्ही काठ पालथे घातले होते. उत्तर उरलं होतं ते या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे. गावाच्या शांतता समितीतल्या आता त्या एकट्याच हयात होत्या, आणि याआधी त्यांनी आत्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

आज आत्याने रेकॉर्डर लावून प्रश्न विचारला आणि तीही शेंगा सोलू लागली. ना घाई, ना आग्रह. टकळीच्या जिभेला नुसत्या मुंग्या येत होत्या.

टोपली निम्मी झाली तेव्हा बाई बोलल्या.

"पलीकडच्या फौजेतला एक अधिकारी होता. त्यांच्यातलं कुणी हल्ला करणार असलं, की तो आधी कळवायचा. आम्ही माणसं हलवायचो. कुणी मेलं नाही, म्हणून सूड घ्यायलाही कुणी उठलं नाही."

त्यांनी दाणे पातेल्यात टाकले.

"तो अजून तिथेच राहतो. त्याच्या लोकांना कळलं तर जिवंत सोडणार नाहीत. पण माझ्यामागे हे कुणालाच ठाऊक नसेल, म्हणून बोलले. आता तू काय करशील?"

आत्याने रेकॉर्डर उचलला, सगळं पुसलं आणि त्यात आता काहीच उरलं नाही, हे बाईंना ऐकवून दाखवलं.

"पुस्तकात लिहीन, या गावाचं कारण मला देता येत नाही."

"अगं, हसतील तुला. एवढी शिकलेली, आणि मुद्द्यावरच अडली म्हणतील."

"म्हणू देत."

वर्गातल्या गुणी मुलीकडे पाहावं तसं बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर टकळीवर गेली.

"आणि हिचं काय?"

"हिचा शब्द मी कसा देऊ, बाई?"

टकळीने मान खाली घातली आणि पुढची शेंग उचलली.

संध्याकाळी जेवताना टकळीचे बाबा, वर्तमानपत्राचे संपादक, आत्याच्या मागेच लागले.

"काय गं, बोलल्या का बाई?"

आत्या वाढत राहिली.

"ही कसली सांगतेय! टकळे, तू सांग. उद्या पहिल्या पानावर छापतो."

आत्याचा हात पळीवरच थांबला.

टकळीने नेहमीसारखा छाती भरून श्वास घेतला. "बाबा, एवढ्या शेंगा होत्या! एक अशी वाकडी, आणि एकीत अळी. हिरवीगार! मी तिला पानावर ठेवली, तर ती..."

बाबांनी कानांवर हात ठेवले. टकळी जेवण संपेपर्यंत शेंगांबद्दलच बोलत राहिली.