मुक्या सोरोबानची उडी

मित्रांनो, मी एक जुना सोरोबान आहे. जन्माचा मुका आणि हल्ली भलताच चिडका. सोरोबान म्हणजे तुमचा अबॅकस. पण मी दप्तरात मावणारा नव्हे. शिमानेच्या डोंगरातल्या एका जपानी कारागिराने मला शिकवणीच्या भिंतीसाठी घडवले. टांगल्यावर मणी घसरू नयेत म्हणून त्याने माझ्या दांड्यांना बारीक केस लावले. मणी जागेवर राहिले, पण आवाज गेला तो गेलाच.

त्याचे मला दुःख नव्हते. माझा आवाज मुलांच्या हातात होता. कुवाबारा सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, आकडे वाचू लागल्या की साऱ्या वर्गाचे मणी असे खडखडत की डोंगरावरची माकडे दचकून झाडावरून पडत. खोटे नाही सांगत! कुणाचे उत्तर बरोबर आले की सगळी पोरे ओरडत, "गोमेइसान!" म्हणजे हिशेब अचूक, शाब्बास.

मग रोगाची साथ आली. मुले घरी, बाई संगणकासमोर आणि मी त्यांच्या मागे खिळ्याला. गोंगाटाला कंटाळून बाईंनी फर्मान काढले, "सगळ्यांनी आवाज बंद करा." झाले! पडद्यावर मुले नुसती काचेतल्या माशांसारखी हलू लागली. माझा तिळपापड होई. पण मुक्याने बोंबलावे कसे?

मिओरी नावाच्या मुलीने साथीतच शिकवणीत नाव घातलेले. कुणाच्या शेजारी बसून तिने कधी गणित केलेच नव्हते. तिचे उत्तर बरोबर येई आणि बाई एकट्याच म्हणत, "गोमेइसान." हळूहळू पडद्यावरची तिची चौकट काळी राहू लागली. एके दिवशी त्या काळोखातून आवाज आला.

"सेन्सेई, मी उद्यापासून येणार नाही."

"का गं?"

"बाकीची मुलं खरंच आहेत का हो? की तुम्ही नुसती चित्रं लावलीत?"

"अगं, आहेत ना..." बाई अडखळल्या.

मला राहवेना. मी उडी मारली! खिळा सैल होता म्हणतात, म्हणोत बापडे. मी थेट बाईंच्या डोक्यात.

"आई गं!"

मुलांनी धडाधड आवाज उघडले. "सेन्सेई, लागलं का?" "सोरोबाननंच शिक्षा केली!" "रेंता, हसतोस काय मेल्या!" कुणाचे कुत्रे भुंकले, कुणाची आजी भात वाढलाय म्हणून ओरडली. काळ्या चौकटीत खुदकन हसू फुटले आणि मिओरीचा चेहरा दिसला.

टेंगूळ चोळत बाई म्हणाल्या, "आता आवाज बंद कराल तर याद राखा. चला, मणी मांडा!"

बाईंनी आकडे वाचले आणि उत्तर मिओरीने दिले. "गोमेइसान!" आले, पण कसे? इंटरनेटच्या कृपेने एकाचे आधी, दुसऱ्याचे नंतर, तिसऱ्याचे पुढचे गणित निम्मे झाल्यावर. एकसाथ म्हणून नाही! अजून माझे डोके फिरते.

"मिओरी, माझं कुठं चुकलं गं?" रेंताने विचारले.

"मधला आकडा वजा होता, येड्या."

"उद्या नीट सांगशील?"

"सांगते उद्या."

माझी चौकट तेव्हापासून चिरलेली आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, नका पुसू. पण वर्गातल्या कुणाला असे एकटे गणित करू देऊ नका. या वयात दुसरी उडी मला झेपायची नाही.