दोन बोटांचं माप

श्रीशैलचा फोटो आला तेव्हा निवृत्ती गजभारे अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर बसला होता. फोन फळीवरच होता. रविवारी सकाळी ‘उंटवाले’ गटावर अशी फोटोंची रांग लागायचीच. उंटवाले म्हणजे नांदेड-लातूरकडचे एकोणीस जण. प्रत्येकाकडे ती डोंगरदऱ्यातून जाणारी भली थोरली मोटरसायकल. तिच्यावर बसायचं तर पाय उंटावर टाकल्यासारखा टाकावा लागे, म्हणून गटाचं नाव उंटवाले. रविवार हा गाडी धुण्याचा, ऑइल बघण्याचा आणि एकमेकांना शहाणपण शिकवण्याचा वार.

या शहाणपणाच्या बाबतीत शेवटचा शब्द निवृत्तीचा. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं हात काळे केलेला माणूस. गटात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे मिस्त्री म्हणत.

उदगीरच्या श्रीशैलनं लिहिलं होतं, ‘मिस्त्री, चेन तुमच्या मापानं दोन बोटं ढिली ठेवली. तीन महिन्यांत इंजिनाच्या बाजूनं, चेनच्या पुढच्या सॉकेटमागून ऑइल गळून राहिलं. कामून?’

निवृत्तीनं फोटो मोठा करून पाहिला. ऑइलचा डाग पाहिला, ताठ चेन पाहिली. मग त्याची नजर मागच्या शॉकअपवर गेली आणि तिथंच थांबली. शॉकअप पूर्ण उंचीचा होता. अर्थात असणारच की. सगळ्यांचेच तसे होते. फक्त त्याचाच नव्हता.

“मेलो,” तो आरशाला म्हणाला.

गोष्ट सांगायला लाज वाटावी इतकी साधी होती. निवृत्तीची उंची पाच फूट दोन इंच. गाडी घेतली तेव्हा पाय जमिनीला टेकेनात, म्हणून हैदराबादेत नेऊन त्यानं ती दोन इंच खाली बसवून घेतली आणि हे कुणाला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या गाडीचा मालक पाय पुरत नाहीत म्हणून गाडी ठेंगणी करतो, हे सांगायचं कसं. आता उंच गाडीवर माणूस बसला की तिचं मागचं चाक वर चढतं आणि चेन ताणली जाते. म्हणून उभ्या गाडीत चेन ढिली ठेवायची. त्याची गाडी आधीच बसकी. तिला आणखी बसायला जागा थोडी, तिला दोन बोटं पुरत. तेच माप त्यानं ऐटीत सगळ्या गटाला दिलं होतं. उंच गाडीला, त्यात दोन माणसं बसली तर, ते माप म्हणजे फासच.

दोन माणसं म्हटल्यावर त्यानं पटकन कालचे निरोप वर सरकवले. मुरुडचा दयानंद. मेडिकल दुकानवाला, गटात नवीन. काल त्यानं लिहिलं होतं, ‘मिस्त्री, तुमच्या मापानं चेन टाइट केली. उद्या सहाला निघतो, दीपमालाला घेऊन किनवटच्या जंगलात, सहस्रकुंड बघायला. नांदेडात तुमच्याकडं चहाला थांबतो, तुमची गाडी बी बघतो.’

आणि निवृत्तीनं उत्तर दिलं होतं, ‘मी कंधारला आलोय पाहुण्याकडं. पुन्हा कधी.’

कारण दाखवायला गाडी होती कुठं? दीड वर्षापूर्वीच विकली होती. दोन्ही गुडघे गेले होते. वजिराबादच्या चौकात सिग्नलला गाडी कलली ती आडवीच झाली. त्याला ती तसूभरही उचलेना. शेवटी केळीवाली साखराबाई पाटी खाली ठेवून आली आणि तिनं आणि एका रिक्षावाल्यानं गाडी उभी केली. “उचलत न्हाई तं आणता कशाला, बाबा,” ती म्हणाली. वाईट हेतूनं नाही म्हणाली, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. घेणारा यायच्या आदल्या दिवशी त्यानं गाडीचे सगळ्या बाजूंनी सत्तेचाळीस फोटो काढून ठेवले. गटाचा नियम होता की गाडी असेल त्यानंच सल्ला द्यायचा, आणि सोबत आपल्या गाडीचा फोटो जोडायचा. नियम निवृत्तीनंच केलेला. निलंग्याचे महादेवप्पा गाडी विकून जुन्या फोटोवर सल्ले देत होते, तर यानंच चार लोकांत त्यांची खरडपट्टी काढून त्यांना गटाबाहेर केलं होतं. आता त्याच्या स्वतःच्या सत्तेचाळीसमधले न वापरलेले सहा फोटो उरले होते.

त्यानं दयानंदला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. हेल्मेटच्या आत त्याला काय डोंबल ऐकू येणार. मग गटावर लिहायला घेतलं, ‘सगळ्यांनी चेन ढिली करा.’ लगेच कुणीतरी विचारणार, कामून? तुमच्या गाडीचा फोटो टाका. त्यानं लिहिलेलं पुसलं.

“काय झालं?” त्याची बायको पार्वतीबाई दारात उभी होती. “तोंडावरचा साबण वाळला की.”

“दयानंद बायकोला घेऊन किनवटाकडं चाललाय. चेन माझ्या मापानं आवळली त्यानं. घाटात तुटली तं चाकात अडकून चाक जाम व्हतं.”

पार्वतीबाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. घाबरलेल्या माणसाला प्रश्न किती विचारायचे हे तिला कळत होतं. “आत्ता कुठं असंल तो?”

निवृत्तीनं घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. “लोह्याच्या आसपास. लातूर फाट्यावरूनच यावं लागतंय त्याला.”

“मग बसून काय राहिले? पाने घ्या,” ती म्हणाली आणि स्कूटीची किल्ली घेऊन बाहेर पडली.

तरोडा नाक्यापासून लातूर फाटा म्हणजे सगळं शहर ओलांडून गोदावरीच्या पलीकडं. पार्वतीबाई पुढं, निवृत्ती मागं, मांडीवर पान्यांची पिशवी, अर्ध्या गालावर पांढरा साबण. आयटीआयच्या चौकात सिग्नलनं अडवलं. पुलावर एक ट्रॅक्टर आडवा होता, त्यानं अडवलं.

“काल त्याला ये म्हणलं असतं तं,” निवृत्ती मागून म्हणाला, “मी चेन बघितलीच असती. बघितल्याबिगर राहिलोच नसतो.”

“आता त्याचं काय.”

“माझ्या खोट्यापायी, पार्वती. बाईमाणूस हाय मागं.”

“मला बी ठाऊक होतं की सगळं. सवत गेली आन् तिच्या फोटोवर तुम्ही जगून राहिले, मी हासत होते नुसती,” ती म्हणाली. “गप बसा आता, मला समोर बघू द्या.”

फाट्यावर पोचले तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. निवृत्ती रस्त्याच्या कडेला उभा राहिला, हातात गाडी पुसायचं लाल फडकं. जीप गेल्या, उसाच्या गाड्या गेल्या, एसटी गेली. तो निघून तर गेला नसेल? त्यानं पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच. गुडघे ठणकत होते, पण बसायची हिंमत होईना. बसलं आणि तेवढ्यात गाडी गेली तर.

आधी आवाज ऐकू आला. इंजिनाचा तो जाड आवाज त्यानं ओळखला, आणि त्याच्यावर चेनची बारीक किणकिण. ताणलेल्या चेनची. निवृत्ती फडकं हलवत रस्त्यातच उतरला. दयानंदनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. साबण लावलेला कुणी येडा म्हातारा म्हणून त्यानं गाडी बाजूनं काढली आणि निघून गेला.

पार्वतीबाईनं स्कूटी चालूच ठेवली होती. नवऱ्याला तिथंच सोडून, हॉर्न दाबून धरून ती मागं सुटली. पुलाच्या अलीकडं एक गतिरोधक होता, तिथं मोठी गाडी हळू झाली आणि पार्वतीबाईनं स्कूटी थेट तिच्या पुढ्यात नेऊन आडवी घातली. निवृत्ती पिशवी सावरत, लंगडत तिथपर्यंत पोचला तेव्हा दयानंद हेल्मेट काढून तिच्याशी तावातावानं बोलत होता.

“दयानंदराव, मी निवृत्ती गजभारे. मिस्त्री.”

दयानंद बघत राहिला. “तुम्ही तं कंधारला व्हते.”

“न्हाई. उतरू नका. दोघं बसून राहा तसंच.”

निवृत्ती गाडीजवळ खाली बसला. गुडघ्यातून कळ गेली, ती त्यानं गिळली. चेनखाली बोटं घालून ती वर दाबली. दोन बोटं जाऊ द्या, चेन जागची हललीसुद्धा नाही. त्यानं दीपमालाला वाकून बघायला सांगितलं. तिशीची शांत पोरगी, पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली.

“तुटली असती का, काका?”

“तुटली असती. न्हाई तं इंजिन फोडून बाहेर आली असती.”

“पण तुम्हीच सांगितलं व्हतं दोन बोटं,” दयानंद म्हणाला. “फोटोसहित सांगितलं. तुमची गाडी चालतीय की दोन बोटांवर.”

आता काय बोलावं? रस्ता वाहत होता, बाजूला एक ऊसवाला रस काढायचं सोडून ऐकत उभा होता. निवृत्तीनं जमिनीकडं बघतच सांगितलं. गाडी नाही. दीड वर्षं नाही. होती तीही खाली बसवलेली. माप तिचं होतं.

दयानंद उतरला. मग हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या भरवशावर बायकोला मागं बसवलं मी.”

निवृत्ती पिशवीकडं वळला. त्यानं पिशवीतला मोठा पाना काढला, एक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवत चाक पुढं घेतलं. उभ्या गाडीत चेनखाली तीन बोटं भरून गेली. पुन्हा दोघांना बसवलं, पुन्हा पाहिलं. बसल्यावरही चेनला थोडी ढील उरत होती. हात चालू होते तोवर त्याला बरं वाटत होतं. नट आवळून झाला आणि करायला काही उरलं नाही.

दीपमालानं बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर घातलं. “गालावर साबण हाय, काका,” ती म्हणाली. त्यानं गाल पुसला, तर तिथं चेनचं काळं लागलं.

दयानंदचा राग तोवर निम्मा उतरला होता. तो निवृत्तीला बाजूला घेऊन म्हणाला, “बाकीच्यांना बी सांगावं लागंल ना?”

“हाव. आत्ताच.”

“मग असं करा. माझ्याच गाडीचा फोटो काढा, जवळून. नंबर येऊ देऊ नका. नवीन माप सांगून तुमच्या गाडीचा म्हणून टाका. मी कोणाला काही बोलत न्हाई. तुम्ही गेले तं गटात राहिलं काय, मिस्त्री?”

माणूस चांगला होता. निवृत्ती फोन घेऊन पुन्हा खाली बसला. डाव्या हाताची तीन बोटं चेनखाली, उजव्या हातात फोन. चौकटीत फक्त बोटं, चेन आणि थोडं चाक. कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याचा अंगठा बटणावर आला. मग त्याला श्रीशैलचं गळणारं ऑइल आठवलं, आणि महादेवप्पांचा त्या दिवशीचा आवाज आठवला. “मला सवय लागली व्हती रे तुमची,” एवढंच ते म्हणाले होते, आणि यानं फोन कट केला होता.

तो उठला, चार पावलं मागं सरला. “दीपमाला, तू लाव तुझी बोटं तिथं,” म्हणाला. पूर्ण गाडीचा फोटो काढला, लातूरच्या नंबर प्लेटसकट. काळ्या बोटांनी टाईप होईना, म्हणून त्यानं आवाजच भरून पाठवला.

“मी निवृत्ती गजभारे बोलून राहिलो. हा फोटो मुरुडच्या दयानंदरावाच्या गाडीचा हाय, माझ्या न्हाई. माझी गाडी मी दीड वर्षाखाली इकली. व्हती तवा बी ती दोन इंच खाली बसवलेली व्हती, माझे पाय पुरत नव्हते म्हणून. दोन बोटं त्या बसक्या गाडीचं माप. ते तुम्हाला दिलं, ही चूक माझी. तुमच्या गाडीला तीन बोटं, भरून. आज गाडी काढायच्या आधी बघा आन् बघितलं की अंगठा पाठवा. श्रीशैल, तुझ्या गाडीचं ऑइलचं सील गेलंय. मी येऊन बदलून देतो, तू येऊ देशील तं.”

दयानंदनं दीपमालाला मागं बसवलं. जाताना त्यानं वाकून नमस्कार केला, तोही घाईत, नजर न मिळवता. गाडी पुलावर चढली. निवृत्ती कान देऊन ऐकत राहिला. किणकिण येत नव्हती.

मग वाट बघणं. फाट्यावरच्या हॉटेलात पार्वतीबाईनं दोन चहा सांगितले. फोन मेजावर. दयानंद सोडून सतरा जण. पहिला अंगठा चहा यायच्या आधीच आला. मग तीन एकदम. कुणीतरी लिहिलं, ‘मिस्त्री, हे काय ऐकून राहिलो?’ त्यानं उत्तर दिलं नाही. कुणी लिहिलं, ‘दीड वर्ष?’ त्यालाही नाही. अकरा अंगठे झाले. सोळा झाले, तेव्हा दुसरा चहा झाला होता आणि ऊन मेजावर आलं होतं. श्रीशैलचा येत नव्हता.

“चला की घरी,” पार्वतीबाई म्हणाली.

“एक राहिलाय.”

साडेअकराला श्रीशैलचा अंगठा आला. नुसताच अंगठा, खाली एक अक्षर नाही. निवृत्तीनं तो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि मग गटातून बाहेर पडायचं बटण दाबलं. फोननं विचारलं, नक्की का? त्यानं पुन्हा दाबलं. मग उरलेले सहा फोटोही पुसायला घेतले. पाच पुसले. एक राहू दिला.

पार्वतीबाईनं स्कूटी चालू केली. निवृत्ती मागं बसला, डावा हात हवेत लांब धरून. तीन बोटं पेरापर्यंत काळी होती.

“धरा नीट. पुलावर खड्डे हाईत.”

“हात काळे हाईत. लुगडं खराब व्हईल.”

“चौतीस वर्षं धुतेच आहे,” ती म्हणाली. “धरा.”

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. स्कूटी पुलावर चढली.