फोडण्यासाठी भरलेल्या बांगड्या

संध्याकाळी साडेसहाला फाटकाची कडी वाजली की सिंधुताई आपला उजवा हात पदराखाली घेत. दोन वर्षं त्यांचा हा नेम होता. सून कामावरून यायची, चपला काढायची आणि सरळ त्यांच्यापुढे वाकून तो हात मागायची. हाताची पाठ स्वतःच्या कपाळाला टेकवायची, "आई" म्हणायची आणि आत जायची. तिच्या देशात, फिलिपिन्समध्ये, थोरांना असाच मान देतात, हे भूपेंद्रनं आईला चारदा समजावलं होतं. सिंधुताईंना काही ते पटत नव्हतं. कपाळाला हात लावायचा तो नशीब फुटल्यावर, रोज दिवेलागणीला हे कसलं लक्षण? एखाद्या दिवशी हात सापडलाच, तर त्या मोरीत जाऊन तो धुवून येत.

रोवेना तिचं नाव. घरात या नावानं तिला एकटा भूपेंद्र हाक मारायचा. तो दोहाला क्रेन चालवायला गेला होता, ती तिथं एका दवाखान्यात रक्त तपासायची. कंत्राट संपलं तसा तो लग्नाच्या बायकोला घेऊन भिलाईला आला. त्याच्या वडिलांनी, शालिकरामांनी, स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर उतई रोडला बांधलेल्या घरात दोघं राहू लागली.

गल्लीनं आठ दिवसांत तिचं बारसं करून टाकलं. चायनावाली. फिलिपिन्स नकाशात कुठं आहे हे कोणाला धड सांगता आलं नसतं, पण तिथली माणसं कुत्रं खातात आणि तिथल्या बाया परक्या देशात मोलकरणी होतात, हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासात ती इंग्रजी शिकवायला लागली, तर पालक विचारायला आले की चिनी बाई कशाला ठेवली. ती सगळ्यांशी हसून बोलायची. त्याचाही लोकांना संशय. शेजारची शिल्पा एकदा म्हणाली, "येवढी हसते कावून? काही तं लपवून राहिली असंल."

सिंधुताईंनी तिला छळलं नाही, असं त्या स्वतःला सांगत. कपबशी तेवढी वेगळी ठेवली. देवाजवळ जाऊ दिलं नाही. एकदा तिनं व्हिनेगरात मासे शिजवले होते. भंडाऱ्याकडच्या तळ्यातले मासे आणि भात खाऊन वाढलेल्या सिंधुताईंच्या तोंडाला पाणी सुटलं, पण त्या "वास येते" म्हणाल्या आणि चटणीशी जेवल्या. ताट पुढं करून सुनेनं विचारलं होतं, "जेवल्या का, आई?" भूपेंद्रनं शिकवलेलं तिचं पहिलं मराठी वाक्य तेच. तिच्या गावातही माणूस भेटलं की आधी जेवणाचं विचारतात, असं तो म्हणाला होता. सिंधुताईंच्या माहेरीही तसंच विचारायचे. पण हे कबूल करायला त्यांची जीभ रेटली नाही.

आणि भूपेंद्रनं एक गोष्ट मागितली होती. "आई, इचा चुडा भर. तुह्या हातानं भर."

"ख्रिस्ताच्या पोरीले कायचा चुडा?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पोरगा उठून गेला.

मग एका दुपारी हायवेवर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली आणि घरी त्याची पिशवी तेवढी आली.

त्यानंतरच्या नऊ दिवसांत घराचं काही खरं राहिलं नव्हतं. साडेसहा वाजले की सिंधुताईंचा हात आपोआप पदराखाली जायचा. सून घरातच बसलेली, कडी वाजायचं कारण नाही. तरी हाताच्या पाठीवर, बरोबर त्या जागी, ऊब लागायची. त्या हात मोरीत धुवायच्या, आणि ऊब काही जायची नाही. ती ऊब सुनेची की लेकाची, हे त्यांना कळेना. कोणाला सांगायची सोय नव्हती.

रोवेना फोटोपुढचा दिवा विझू देत नव्हती आणि घराला झाडू लावू देत नव्हती. मयताच्या घरातून केर काढला तर मागोमाग आणखी कोणी जातं, अशी तिच्याकडची समजूत. आल्यागेल्याला ती चहा द्यायची, सुजलेल्या डोळ्यांनी हसायची आणि विचारायची, "जेवल्या का?" तिच्या मुलखात मयताच्या घरी आलेला पाहुणा उपाशी जाऊ देत नाहीत. बाया फाटकाबाहेर गेल्या की एकमेकींना म्हणायच्या, नवरा मेला अन् ही हसून राहिली, टोनहीच आहे, हिनंच खाल्ला. टोनही म्हणजे चेटकीण. छत्तीसगडात हा शब्द ज्या बाईला चिकटतो तिचं पुढं काय होतं, ते या बायांना चांगलं माहीत होतं. तरी त्या म्हणत होत्या.

सिंधुताई हे सारं ऐकत होत्या आणि गप्प होत्या. गप्प बसण्याची त्यांची सवय आजची नव्हती. तिचं मूळ त्याच घरात, मागच्या खोलीत राहत होतं.

शालू ही शालिकरामांची धाकटी बहीण. पंचविसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आली, त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हा ही मंडळी प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायची. क्वार्टरच्या मागच्या अंगणात तिच्या बांगड्या फोडल्या. ती हात ओढून घेत होती, म्हणून घरातली म्हातारी नव्या वहिनीवर ओरडली, "सिंधू, हात धर तिचे." सिंधूनं धरले. घट्ट धरले. एक काच शालूच्या मनगटात शिरली. ओरडताना शालू म्हातारीकडे बघत नव्हती, वहिनीकडे बघत होती. तेव्हापासून घरात कप फुटला तरी सिंधुताईंच्या काळजाचं पाणी होई. त्या दिवसाबद्दल दोघी एकमेकींशी कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. शालू घरातलं सगळं सोवळंओवळं आणि रीतभात मात्र डोळ्यात तेल घालून पाळत आली. जे आपल्याकडून वसूल झालं ते दुसऱ्या कोणाला माफ होऊ नये, एवढंच तिच्या हाती उरलं होतं.

नवव्या दिवशी तिनंच विषय काढला. "उद्या दहावा. इच्या हातात तं बांगडीच नाही वहिनी. फोडायचं काय?"

सिंधुताई उठून मोरीत हात धुवायला गेल्या. शालू सुपेल्याच्या बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या घेऊन आली.

दहाव्याला सकाळीच शालिकराम भाऊबंदांना घेऊन शिवनाथ नदीवर गेले. घरात बायाच उरल्या. शालूनं मागच्या अंगणात पाट मांडला, रोवेनाला बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या लहानशा हातांत एकेक बांगडी चढवायला लागली. शिल्पा ताट धरून उभी होती.

रोवेना आधी भांबावली. मग तिचा चेहरा उजळला. दहा दिवसांत ती पहिल्यांदा खरोखर हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"आई, देखो," ती म्हणाली. "भूपेन बोलता था, एक दिन आई जरूर पहनाएंगी." तिनं शालूचा हात घेतला आणि कपाळाला टेकवला. मग आपला फोन सिंधुताईंपुढे धरला. "फोटो, आई. मेरी मम्मी देखेगी."

सिंधुताईंनी फोन घेतला. काचेत त्यांना सून दिसली, दोन्ही मनगटं उंच धरून बसलेली. तिच्या मागे शालू वाकली होती आणि स्वयंपाकघरातून आणलेला वरवंटा तिनं हातात घेतला होता. बटण कुठलं दाबायचं ते सिंधुताईंना सुचेना.

"झालं का तुमचं?" शालू म्हणाली. "माणसं यायच्या आत उरकू. वहिनी, हात धर तिचे. माहे धरले होते तसे."

बत्तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. शालूच्या मोकळ्या हाताच्या मनगटावरचा पांढरा व्रण वरवंट्याच्या अगदी शेजारी दिसत होता. सिंधुताईंनी तो रोज पाहिला होता आणि रोज नजर वळवली होती. आज ती वळली नाही.

त्यांनी फोन पाटावर ठेवला आणि सून आणि शालूच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"नाही धरत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वरवंटा ठेव खाली, शालू. माह्या लेकानं मांगलं तवा म्या इले चुडा नाही भरला. देवाजवळ नाही येऊ देलं, कप बी वेगळा ठेवला. दोन वर्षं ही आमची सून नव्हती. अन् आज भूपेन गेला तं लगेच सून झाली? कायच्यासाठी, तं बांगड्या फोडासाठी?"

शिल्पा ताट सावरत म्हणाली, "काकू, रीत आहे. लोक काय म्हणतीन?"

"लोकं तिले टोनही म्हणून राहिले, ते ऐकलं म्या. तू बी म्हटलं. घरी जाय शिल्पा."

शिल्पा गेली. फाटकाची कडी वाजली. रोवेना दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिची नजर वरवंट्यावर गेली, तिथून स्वतःच्या हातांवर, आणि तिला सगळं समजलं. तिनं हात छातीशी घेतले. हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, ते काढायचं तिला सुचलं नाही. सिंधुताईंना ते बघवेना.

शालूनं वरवंटा ठेवला नाही. तिचा आवाज चढलाही नाही.

"बरं केलं," ती म्हणाली. "इच्यासाठी आडवी आली. अन् माह्या वेळी, वहिनी? मी तं चिनी नव्हतो. तुह्याच ताटात जेवत होतो."

मी लहान होतो, म्हातारीचा धाक होता, हे सारं सिंधुताईंच्या मनात आलं आणि त्यांचीच त्यांना लाज वाटली. माफी मागावी तर कशी मागावी? वहिनीनं नणंदेच्या पाया पडायची रीत त्यांच्याकडे नव्हती. बत्तीस वर्षांनी तोंडातून निघेल असा शब्दही त्यांना ठाऊक नव्हता.

मग त्यांनी शालूचा मोकळा हात उचलला, व्रण असलेला. हाताची पाठ वर केली, वाकल्या आणि तो आपल्या कुंकवाच्या कपाळाला टेकवला. तसाच बराच वेळ धरून ठेवला.

शालूनं हात काढून घेतला नाही. माफही केलं नाही. तिच्या दुसऱ्या हातातला वरवंटा हळूहळू खाली गेला आणि पाटाच्या कडेला टेकला. हाताच्या पाठीला लागलेल्या कुंकवाकडे ती बघत राहिली. सवाशिणीच्या कपाळाचा तो रंग तिच्या अंगाला लागून बत्तीस वर्षं झाली होती.

नदीवरून माणसं परतली तेव्हा तिघी अंगणातच बसलेल्या होत्या. शालिकरामांना सुनेचे भरलेले हात दिसले आणि ते दारातच थांबले. मागे चार भाऊबंद होते. कोणीतरी घसा साफ केला.

सिंधुताई उठल्या नाहीत, त्यांनी नजरही खाली घातली नाही.

"रोवेना," त्यांनी हाक मारली. ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं आणि जरा वेडंवाकडंच आलं. "पाणी दे सगळ्याइले. अन् विचार, जेवले का म्हणून."

ती उठली. भरल्या हातांनी तांब्या घेऊन, हिरव्या बांगड्या वाजवत, ती एकेका पुरुषापुढे गेली. त्या आवाजात पाणी घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवायचं होतं.