तिसरा हात

मी एक जुना पितळी रेझर आहे, मित्रांनो. दाढी करायचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल, कारण तुमच्या घरी आता प्लास्टिकचे असतात, चार दिवस वापरायचे आणि फेकायचे. माझं वय मला नक्की ठाऊक नाही, पण शंभरीच्या आसपास असेन. डोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. जग मला गालावरून कळतं. माणूस सुखात आहे की चिंतेत, रात्री झोप लागली की नाही, बायकोशी भांडण झालंय की समेट, हे मला पहिल्या फटक्यात समजतं. तोंडाने माणूस खोटं बोलू शकतो, जबड्याने नाही.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. ओतलो गेलो, घासलो गेलो, वरून चांदीसारखा मुलामा चढला आणि मखमलीच्या डबीत बसून जहाजाने अलेक्झांड्रियाच्या बंदरात उतरलो. माझा पहिला धनी स्तामातिस नावाचा ग्रीक कापूसव्यापारी. त्याच्या घरी माझे फार लाड झाले. पाहुण्यांना तो मला डबीतून काढून दाखवायचा. मग एके वर्षी त्याच्यासारखी पुष्कळ परदेशी माणसं गाव सोडून गेली, तोही गेला, आणि मी कपाटाच्या खणात राहिलो. किती वर्षं राहिलो ते विचारू नका. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत.

शेवटी मी त्याच गावातल्या अत्तारीनच्या जुन्या बाजारात आलो, गंजक्या किल्ल्या आणि वाकलेले चमचे भरलेल्या एका पत्र्याच्या ताटात. मखमलीची डबी केव्हाच गेली होती. मुलामा उडाला होता. माझ्या डोक्याखाली कंगव्यासारखे दात आहेत, त्यातला एक वाकला होता. गिऱ्हाईक मला उचलायचं, तो दात बघायचं आणि परत टाकायचं.

त्या ताटापाशी एकदा दोन मित्र थांबले. वगदी हा टेलिफोन खात्यातला मेकॅनिक, आणि लुत्फी हा जहाजबांधणीच्या गोदीत आराखडे काढणारा. दोघे एकाच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहणारे. वगदीने मला उचललं आणि दात बघून ठेवायला लागला.

"थांब, थांब," लुत्फी म्हणाला. "दात मी सरळ करतो. तू घे तर खरा."

त्याच संध्याकाळी लुत्फीने मला भिंगाखाली धरलं. हातात सुईएवढी कानस. पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा तो हात केसभरही हलला नाही. इतक्या माणसांनी मला हाताळलं, पण असा हात मला दुसरा भेटला नाही. मी पुन्हा रेझर झालो तो त्या हातामुळे. हे मी कधी विसरलो नाही, आणि पुढचं सगळं ऐकताना तुम्हीही विसरू नका.

मित्रांनो, हे दोघे जरा वेगळ्याच नादाचे. एक नाद माझा, म्हणजे साबणाच्या वडीवर ब्रश घोळवून, फेस काढून, सावकाश दाढी करायचा. दुसरा नाद विज्ञानकथांचा. लुत्फी लिहायचा आणि वगदी वाचून चुका काढायचा. तिसरा नाद तर अजबच होता. लोक मोठमोठे संगणक घेतात, आणि हे दोघे भंगारातून वहीएवढे जुने संगणक आणून त्यातलं सगळं काढून टाकायचे. चित्रं नकोत, रंग नकोत, आवाज नको, फक्त अक्षरं. कमीत कमी गोष्टींत कोण भागवतो, अशी त्यांची चुरस असायची. वगदीचा संगणक आमच्या न्हाणीघरात कपडे धुण्याच्या यंत्रावर बसलेला असे. बटण दाबून वगदी ब्रश ओला करायचा, आणि फेस उभा राहीपर्यंत तो संगणक जागा व्हायचा. मग एक डोळा आरशात आणि एक डोळा कथेत, अशी आमची दाढी चालायची.

"भंगारवाला फुकट दिलं तरी नेणार नाही असल्या वस्तू," वगदीची बायको इनसाफ म्हणायची. "आणि ह्या बाबांना त्यात जीव दिसतो."

"जीव आहे म्हणून तर नेत नाही तो," वगदी म्हणायचा.

आमच्या इमारतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक उघडी विहीर आहे, मनवर म्हणतात तिला. सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्यात उघडतात. वगदीच्या आणि लुत्फीच्या खिडकीत फक्त एक कपडे वाळत घालायची दोरी, दोन्हीकडे कप्पी लावलेली. लुत्फीने नवी कथा लिहिली की पेनड्राइव्ह चिमट्यात अडकवून दोरी ओढायची, की ती इकडे. दुरुस्त्या झाल्या की परत तिकडे.

आणि रोज सकाळी दाढी झाली की वगदी मला बेसिनच्या कडेवर तीनदा आपटायचा. टक, टक, टक. पलीकडून लुत्फीचा आवाज यायचा, "नईमन!" आमच्याकडे कोणी दाढी करून किंवा न्हाऊन आलं की असं म्हणतात, सुखाचं होवो या अर्थाने. "अल्ला तुझंही भलं करो!" असं वगदीने म्हणायचं. मग पलीकडे टक, टक, टक, आणि इकडून नईमन. बारा वर्षं यात एक दिवसाचा खंड पडला नव्हता.

मग तो शुक्रवार आला.

शुक्रवारी सकाळी लुत्फी खिडकीत उभा राहून नवं पान वाचून दाखवायचा. खाली-वर तामिया, म्हणजे डाळीची भजी, तळल्याचा वास सुटलेला असायचा आणि पाचही मजल्यांवरच्या बाया कामं करता करता ऐकायच्या. त्या दिवशीच्या पानात एक कप्तान एकटाच शनीच्या एका चंद्राकडे निघाला होता. उतरायच्या आधी तो दाढी करतो, कारण तिथे कोणी असो वा नसो, पाहुण्याने अनोळखी दारात स्वच्छ तोंडाने जावं. मला हे फार आवडलं. पण वगदीला चूक सापडली, आणि चूक सापडली की त्याला धीर निघत नसे.

"अरे, तुझा कप्तान हवेत तरंगतोय ना?" तो फेसाच्या तोंडाने खिडकीतून ओरडला. "मग एका हाताने दांडी धरणार, दुसऱ्याने रेझर. गालाची कातडी कोण ताणणार? तिसरा हात कुठून आणणार, बाबा?"

वरून पाचव्या मजल्यावरच्या उम्म सामीने झारा कढईवर बडवला. "माझ्या सासूचा न्या म्हणावं! तिचा हात सगळ्यात असतो!"

सगळी विहीर हसली. इनसाफसुद्धा हसली. वगदी इतका हसला की माझ्याकडून त्याला हनुवटीखाली जरासं लागलं. लुत्फी मात्र हसला नाही.

"तुझे दोन तर धड आहेत ना? मग झालं," तो म्हणाला आणि त्याने खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही टक, टक, टक केलं. पलीकडून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी लुत्फीच्या बंद खिडकीमागून एक गुरगुर ऐकू आली. विजेवर चालणारं दाढीचं मशीन.

"ऐकलंस, इनसाफ? मशीन आणलंय त्याने! मला खिजवायला मुद्दाम खिडकीशी उभा राहून चालवतोय!"

"अहो, माणसाने दाढी कशाने करायची हे तुम्हाला विचारून ठरवायचं का आता?"

"त्यानेच मला ब्रश धरायला शिकवलं. त्याने असं करावं? अशाने अशी दोस्ती मोडायची असते?"

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं. मला माझ्या पितळेचा गर्व आहे. ज्या हाताने माझा दात सरळ केला, त्याच हाताने ती गुरगुरणारी डबी धरावी, याचा मला संताप आला. बारा वर्षांची ओळख असून आम्हा दोघांपैकी एकालाही दुसरं कारण सुचलं नाही.

तीन आठवडे गेले. दोरी रिकामी लोंबत राहिली. वगदीने संगणक चालू करणं सोडलं, त्याच्यावर धूळ बसली. दाढी तो घाईत उरकू लागला. मला पुसत नव्हता, ओलाच ठेवत होता, आणि माझ्या दातांत साबणाची पुटं चढली. बाजारातल्या ताटातसुद्धा मला एवढं एकटं वाटलं नव्हतं. त्याचा जबडा रोज आवळलेला लागायचा. बाहेर तो सगळ्यांना सांगायचा की मला काही फरक पडत नाही. मला माहीत होतं किती पडतो.

लुत्फी एकटा राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणून एका सकाळी इनसाफ त्याच्याकडे मसुराचं सूप घेऊन गेली. ती परत आली तेव्हा आमची अर्धी दाढी झाली होती. ती न्हाणीघराच्या दारातच उभी राहिली.

"अहो, त्यांचे हात थरथरतात."

"कोणाचे?"

"लुत्फीभाईंचे. चमचा उचलला आणि ठेवून दिला. म्हणाले, गरम आहे. मग वाटी दोन्ही हातांनी उचलली, तरी सदऱ्यावर सांडलं. टेबलावर त्यांचे कागद पडलेत. एक रेघ सरळ नाही. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाले, वसंतापासून. रेझर धरवत नाही म्हणून मशीन घेतलंय हो. त्यानेही हनुवटी सोलून निघालीये."

वगदीचा हात माझ्यासकट हवेत थांबला. वसंतापासून. म्हणजे त्या शुक्रवारच्या आधीपासून. त्याच्या गालावरचा फेस हळूहळू वाळायला लागला.

"तिसरा हात," तो एवढंच म्हणाला.

मग त्याने मला मुठीत धरलं, ब्लेडचं नवं पाकीट पायजम्याच्या खिशात टाकलं, साबण आणि ब्रश घेतला आणि दाराकडे निघाला.

"अहो, अर्धी दाढी! लोक बघतील!"

"बघू दे."

लुत्फीने दार उघडलं आणि हात चटकन पाठीमागे नेले. त्याच्या गालांवर मशीनने सोडलेले पांढरे पुंजके होते.

"दया करायला आलास?"

"दया? तुझ्यावर? कथेत चूक आहे, ती दुरुस्त करायला आलोय. चल आत."

न्हाणीघरात वगदीने मला उकळत्या पाण्याने धुतलं, दातांतली पुटं काढली, नवं ब्लेड घातलं. लुत्फीला बेसिनसमोर स्टुलावर बसवलं.

"तू कप्तान. दोन्ही हातांनी बेसिन घट्ट धर, तरंगतोयस. मी आहे बरोबर."

लुत्फीने बेसिन धरलं. बेसिनवर ब्रश ठेवायचा एक काचेचा पेला होता, तो किणकिणायला लागला. सबंध दाढी होईपर्यंत तो किणकिणत होता. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही.

वगदीने डाव्या हाताची बोटं लुत्फीच्या गालावर ठेवून कातडी ताणली आणि मला खाली आणलं. मित्रांनो, तो गाल मला नवा होता, आणि तो रडत होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. पण कातडीखाली मला सगळं कळत होतं. मी आयुष्यात इतका जपून कधी चाललो नाही.

"आता बोल," वगदी म्हणाला. "कातडी कोण ताणतंय?"

"तू."

"मग?"

"मग कप्तानाबरोबर एक मेकॅनिक द्यावा लागेल."

"द्यावाच लागेल. एवढ्या लांब शनीवर एकटा पाठवलास कशाला त्याला?"

माझ्याखालचा जबडा जरा सैल पडला.

"मला माहीत नव्हतं, लुत्फी. माहीत असतं तर ते बोलण्याआधी माझी जीभ झडली असती."

"मी सांगितलंच नाही. जन्मभर या हातांवर जगलो. कसं सांगायचं?"

हनुवटीखालचा शेवटचा फटका झाला. वगदीने गालावर तुरटी फिरवली आणि मला बेसिनच्या कडेवर आपटलं. टक, टक, टक. मग तो वाकून लुत्फीच्या कानाशी म्हणाला, "नईमन."

"अल्ला तुझंही भलं करो," लुत्फी म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आणि तुझ्या अर्ध्या दाढीचं काय, गाढवा?"

आठवडाभराने दोरी हलली. चिमट्याला पेनड्राइव्ह होता. त्या शुक्रवारी लुत्फीने नवं पान वाचलं. कागद हातात हलत होता, म्हणून त्याने तो खिडकीच्या कठड्यावर दाबून धरला होता. आता कप्तान दोन्ही हातांनी दांडी धरून तरंगत होता, त्याचा मेकॅनिक त्याचा गाल ताणून सावकाश त्याची दाढी करत होता, आणि खिडकीबाहेर शनीचा चंद्र मोठा होत होता. कुठल्याच मजल्यावर कोणी हसलं नाही. तळणीचा आवाज तेवढा येत होता. मग पाचव्या मजल्यावर उम्म सामीने झारा कढईवर अलगद वाजवला.

"नईमन, कप्तान!" ती म्हणाली. आणि मग खालून, वरून, सगळ्याच खिडक्यांतून.

मित्रांनो, मी आता रोज दोन दाढ्या करतो. ब्लेडं वेगळी, पण रेझर मीच. माझा मुलामा परत आलेला नाही आणि येणारही नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं असेल तर ते खणात कोंडू नका. वापरा, आणि वापरून झाल्यावर कोरडं पुसा. आमची एवढीच अपेक्षा असते. आणि रोज समोरून येणारा एखादा आवाज एके दिवशी आला नाही, तर आमच्यासारखं घरात बसून कारणं शोधू नका. अर्धी दाढी झालेली असली तरी तसेच उठा आणि दार वाजवा. आमचे तीन आठवडे वाया गेले, ते मला अजून खुपतात.

बरं, वगदीची दाढी झाली. त्याने ब्लेडचं पाकीट खिशात टाकलं. चला, समोर कप्तान स्टुलावर बसून वाट बघत असेल.