फाटकाचे नऊ तुकडे

इक्बाल परकारला ओमानमधल्या वादी कबीरमध्ये सगळे उस्ताद म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. नवा बंगला बांधणाऱ्या ओमानी माणसाला पुढे एक दणदणीत लोखंडी फाटक लागतं, वर वेलबुट्टी, मधोमध खंजिराची नक्षी. अशी फाटकं अठरा वर्षं इक्बालच्या हातून गेली होती. दाभोळच्या खाडीकाठचा माणूस, चौथी नापास, पण लोखंडी पट्टी अशी वळवायचा की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत.

त्याचा सगळा जीव त्याच्या फर्म्यांत. फर्मा म्हणजे जाड लोखंडाचा साचा. त्याच्याभोवती पट्टी वाकवली की वेल तयार. ज्याने त्याने आपले फर्मे आपण करायचे आणि पेटीत कुलूप लावून ठेवायचे, हा या धंद्याचा रिवाजच. कारागीर एक वेळ जेवणाचा डबा दुसऱ्यापुढे उघडेल, फर्म्यांची पेटी नाही. वर्कशॉपमध्ये अशा पेट्या दोनच होत्या. एक इक्बालची आणि दुसरी वसईच्या नॉरबर्ट डाबरेची. बारा वर्षं दोघांची टेबलं शेजारी, दुपारचं कालवण वाटून खायचे, पण पेटी उघडताना दोघंही एकमेकांकडे पाठ करायचे. त्याचा कुणाला राग नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली म्हाताऱ्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, धंदा मुलाच्या हाती दिला. मुलगा मुस्तफा, अमेरिकेत चार वर्षं शिकून आलेला. आल्या आल्या त्याने स्टॉपवॉच घेऊन प्रत्येकाच्या मागे उभं राहायला सुरुवात केली. तेलाचे भाव पडले होते, बंगले कमी झाले होते. ऑक्टोबरात त्याने सरळ सांगून टाकलं, फोरमनच्या हुद्द्यावर दोन माणसं नकोत, वर्ष संपताना एकाचं कामाच्या परवान्याचं कार्ड रद्द होईल.

कार्ड रद्द म्हणजे नुसती नोकरी नाही जात. कार्डावर फोरमन लिहिलेलं, म्हणून बायको सफिया आणि मुलगी मेहनाज इथे, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. मेहनाज दहावीत होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. मध्येच नाव काढलं तर वर्ष पाण्यात. आणि नॉरबर्टची कॅन्डिस? तीही दहावीत, त्याच शाळेत, मेहनाजच्याच बाकावर. हे इक्बालला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. चांगलं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात मेहनाजला शाळेने प्रोजेक्ट दिलं: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिका कारखान्यांचा देश कशी झाली. इक्बाल चित्रं कापून, चिकटवून द्यायला बसला. वही इंग्रजीत, त्याला ओ का ठो कळेना.

"मराठीत सांग की जरा," तो म्हणाला.

मेहनाज अडखळत सांगू लागली. "अब्बा, तिकडे कोळसा खूप होता. आयर्नपण. मग सगळीकडे रेल्वे झाली, म्हणजे माल लांब लांब विकता आला. बँकवाल्यांनी पैसे लावले. सरकारने बाहेरच्या मालावर टॅक्स बसवला. आणि शिप भरून भरून गरीब लोक आले. ते कमी पगारात काम करायचे."

"काम कसं करायचे?"

"एका माणसाने पूर्ण वस्तू नाही करायची. एकच पीस करायचा, दिवसभर. सगळे पीस सेम. मग कोणीपण जोडू शकतो."

"आणि आधीचे कारागीर? पूर्ण वस्तू करणारे? त्यांचं काय झालं?"

मेहनाजने पान उलटून बघितलं. "ते पोर्शनमध्ये नाहीये, अब्बा."

इक्बाल हसला. एवढा विचारी प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर नाही म्हटल्यावर हसला, इथेच त्याच्या अकलेचं मोजमाप झालं. पुढे शुक्रवारी मशिदीत इमामाचा खुतबा चालू होता आणि हा बाबा मनातल्या मनात फाटक तोडत बसला होता. वेल एकाने, भाला एकाने, खंजीर एकाने, चौकट एकाने. नऊ तुकडे झाले. नऊ तुकड्यांना नऊ फर्मे. एक फर्मा हातात दिला की कालचा हमालसुद्धा आज वेल वाकवेल. आणि हे सगळं चालवणार कोण? ज्याचे फर्मे तो. इक्बालला आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की दुआ मागायची राहिली.

शनिवारी तो मुस्तफाच्या केबिनमध्ये गेला, काखेत मेहनाजची वही आणि हातात पेटी. कुलूप काढलं. नऊ फर्मे एकेक करून टेबलावर मांडले आणि अमेरिकेत शिकून आलेल्या माणसाला अमेरिका समजावून सांगितली. मुस्तफाने वही चाळली, एक फर्मा उचलून वजन बघितलं.

"उस्ताद, चार वर्षं मी हेच शिकलो," तो म्हणाला. "फक्त माझ्याकडे फर्मे नव्हते." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "असं झालं तर नॉरबर्ट?"

"मग त्याची काय गरज?" इक्बाल म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही.

नाताळाला आठ दिवस असताना नॉरबर्टचं कार्ड रद्द झालं. तो हत्यारं घ्यायला आला तेव्हा वर्कशॉपमध्ये नऊ टेबलं ओळीने मांडून झाली होती. त्याने आपली पेटी भंगाराच्या ढिगावर उपडी केली. बारा वर्षांत इक्बालने त्याचे फर्मे पहिल्यांदा बघितले, आणि ते आपल्यापेक्षा चांगले आहेत हे त्याला एका नजरेत कळलं.

"मार्चपर्यंत थांबवा, एवढा एक शब्द टाकायचास, इक्बालभाय," नॉरबर्ट म्हणाला. "माझ्यासाठी नाही. पोरीला परीक्षा देता आली असती."

"अर्बाबची मर्जी. माझ्या हातात काय आहे?"

नॉरबर्टने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि तो निघून गेला. घरी इक्बालने मेहनाजला सांगितलं की कॅन्डिसची आजी आजारी आहे, त्या लोकांना स्वतःलाच वसईला जायचं होतं. मेहनाज दोन दिवस रडली. इक्बालने तिला नवं गणिताचं गाइड आणून दिलं.

गरज सरो वैद्य मरो, ही म्हण मुस्तफाने ऐकली नसेल, पण त्याला ती शिकवायची गरज नव्हती. जानेवारी उजाडताच त्याने इक्बालला बोलावलं. "फर्माच सांगतो काय करायचं. मग फोरमन कशाला?"

इक्बाल गयावया करू लागला. मुलीची परीक्षा, दोन महिने, अल्लाच्या नावाने. मुस्तफाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

"टेबलांना माणसं हवीत," तो म्हणाला. "स्वस्त हवीत आणि पळून न जाणारी. तुझ्या गावची आण, नऊ. पगार या कागदावर आहे. गावात तू वाटेल तो सांग. माणसं आली की तुझं कार्ड आहे तसं राहील."

कागदावरचा पगार इक्बालने दोनदा वाचला. तेवढ्यावर दाभोळच्या माणसाने घराचा उंबरा ओलांडला नसता. तरी त्याने फोन केला, आणि केला तोही कुणाला? सफियाच्या धाकट्या भावाला, हारूनला. हारूनचं दापोलीत खिडक्यांच्या ग्रिलचं दुकान होतं, बरं चाललेलं. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, तो निघाला की बाकीचे आठ आपोआप निघतील, हा इक्बालचा हिशोब. त्याने पगार दुप्पट सांगितला.

"दुलाभाय, तुमी बोलताव तर डोळे झाकून येतंव," हारून म्हणाला, आणि दुकान विकून, आठ जणांना घेऊन महिन्याभरात आला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

विमानतळावरून गाडी थेट वर्कशॉपवर. नऊ पासपोर्ट मुस्तफाच्या कपाटात गेले, दोन वर्षांच्या करारावर नऊ अंगठे-सह्या झाल्या. हारूनला चार नंबरचा फर्मा मिळाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच वेल, उजवीकडे वळणारी. डावीकडची पाच नंबरवाला करी.

पहिल्या शुक्रवारी हारून बहिणीकडे जेवायला आला. सफियाने सुरमई तळली होती. त्याने दोन घास खाल्ले आणि पगाराचा कागद ताटाशेजारी ठेवला, तक्रार म्हणून नाही, काही चूक झाली असेल तर दुलाभाय दुरुस्त करून देतील म्हणून. सफियाने तो वाचला. मग नवऱ्याकडे बघितलं.

"तुमना म्हाईत होता काय नाय, यवढाच सांगा."

इक्बाल पाणी प्यायला. "मेहनाजसाठी केलं," तो म्हणाला.

हारून ताटावरून उठला आणि हात न धुता जिना उतरून गेला. सफियाने त्याचं ताट उचललं. आवाज न चढवता म्हणाली, "तिची परीक्षा होवदे. मग मी तिला घेवन जातंय." इक्बालला वाटलं, बायकांचा राग आहे, दोन महिन्यांत निवेल. या माणसाला सगळं स्वस्तात निभावतं असं वाटायची सवयच लागली होती.

परीक्षा झाली. मेहनाजचे सगळे पेपर छान गेले. शेवटच्या पेपरनंतर चौथ्या दिवशी इक्बाल दोघींना सीबच्या विमानतळावर सोडायला गेला. वाटेभर सफिया खिडकीबाहेर बघत होती. ट्रॉलीवर बॅगा चढवून झाल्यावर मेहनाज त्याच्यासमोर उभी राहिली.

"कॅन्डिसचं लेटर आलं होतं, अब्बा. जानेवारीतच," ती म्हणाली. "तिची आजी कधीच वारली आहे. तुम्ही काय केलं ते तिने लिहिलं होतं. मी विचार केला, एक्झाम झाल्यावर बोलू."

ती अजून काही बोलेल म्हणून इक्बाल थांबला. तिने ट्रॉली वळवली आणि आईच्या मागोमाग आत गेली.

सोमवारी मुस्तफाने फ्लॅटची किल्ली मागून घेतली. बायकामुलं नाहीत तर फ्लॅट कशाला, आणि फ्लॅट नाही तर फोरमनचं कार्ड तरी कशाला? पाच नंबरवाला तापाने पडला होता, त्याचं टेबल इक्बालला मिळालं, आणि कामगारांच्या बराकीत एक खाट. खोलीत दहा खाटा होत्या, एकावर एक. त्याची खालची होती, वरची हारूनची.

संध्याकाळी गावचे आठ जण मोठ्या थाळीभोवती जेवायला बसले. हारून मधोमध होता. इक्बालने बॅग खाटेखाली सरकवली आणि विचारलं, "हारून, बरा आहेस ना?"

कुणी वर बघितलं नाही, कुणी सरकून जागा केली नाही. करार दोन वर्षांचा होता, आणि त्यातले दोन महिनेच झाले होते.